सात नंबरचा ब्रेक

आधी कोडं.

एक सायकल आहे. डोंगरात चालवायची, जाड टायरची. तिचे दोन्ही ब्रेक आज दाबले तर घट्ट लागतात, चाक जागच्या जागी थांबतं. कुठे गळती नाही. नळी फुटलेली नाही. अपघातानंतर कोणी काही दुरुस्तही केलेलं नाही.

आणि तरीही एकावन्न दिवसांपूर्वी, सातवळणी घाटाच्या पाचव्या वळणावर, हेच दोन्ही ब्रेक लागले नाहीत.

का?

शलाका बारा वर्षांची होती आणि तिला उत्तर माहीत होतं. निदान तिला तसं वाटत होतं. म्हणूनच एकावन्न दिवस तिने ते कोणालाही सांगितलं नव्हतं.

*

करवंदमाळ हे गाव घाटमाथ्यावर आहे. त्याच्या सहाशे मीटर खाली, नदीकाठी, पाच वाड्या आहेत. २०६१ साल उजाडलं तरी त्या घाटात ड्रोन टिकत नाहीत. दरीतून वर येणारा वारा त्यांना कड्यावर आपटतो. गाडीरस्ता दर पावसाळ्यात खचायचा, शेवटी लोकांनी त्याचा नाद सोडला. राहिली पायवाट. म्हणून आरोग्य केंद्रातली औषधं वाड्यांपर्यंत सायकलीने जातात. चढताना सायकलीची मोटर मदत करते. उतरताना फक्त ब्रेक.

केंद्राच्या मागे पत्र्याची शेड आहे. तिथे मिस्तरी असतो. मिस्तरी हा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). त्याला चार हात आहेत. एक डोळा मूळचा, दुसरा नंतर बसवलेला, म्हणून जरा पिवळट.

सात नंबरची सायकल शलाकाच्या भावाची. कपिलदादा बावीस वर्षांचा आहे.

होता.

*

तपासणी-पत्रक. सायकल क्रमांक ७.
पुढचा लिव्हर: घट्ट. मागचा लिव्हर: घट्ट.
ब्रेक पॅड: जवळजवळ नवे.
चकत्या: निळसर.
ब्रेक ऑइल:

इथे मिस्तरी लिहायचा थांबला, कारण दारात कोणीतरी उभं होतं.

"उद्या सकाळी दीपाताई ही सायकल घेऊन उतरणार आहे," तो म्हणाला. "नवीन आहे ती. आज तपासणी. तुम्ही बाहेर बसा, शलाकाबाई."

'शलाकाबाई' म्हणायला त्याला कपिलदादानेच शिकवलं होतं. लहानपणी ती सगळ्यांना हुकूम सोडायची म्हणून.

"मी इथेच बसणार."

"मग मदत करा. पाच नंबरची एलन की (षटकोनी टोकाचा पाना) द्या."

"ही घे."

"ही सहाची. तुमचा भाऊही मला नेहमी सहाचीच द्यायचा. मला वाटायचं, चुकून देतो."

"मुद्दाम द्यायचा," शलाका म्हणाली. "तू न बघता लावायचास आणि ती बसायची नाही. मग तो घरी येऊन तुझी नक्कल करायचा."

"कशी?"

तिने नक्कल करायला हात उचलला आणि तो तसाच खाली आला.

"मिस्तरी, तुला खोटं बोलता येतं?"

"नाही. गप्प बसता येतं."

"मग गप्प बसू नकोस. मी जे विचारीन त्याचं उत्तर दे. दादाचा ब्रेक माझ्यामुळेच लागला नाही, हो ना?"

*

खंडेनवमीला करवंदमाळात सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडतात. कोयते, पहारी, केंद्रातल्या कात्र्या, सगळं. सायकलीही. मिस्तरीच्या चारही मनगटांना झेंडूच्या माळा बांधतात. लोखंडाला तेलाचा हात फिरवायचा, हळदकुंकू लावायचं, नमस्कार करायचा. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही.

त्या वर्षी सात नंबर सजवायचं काम शलाकाने मागून घेतलं होतं. तिने चाकाच्या तारा एकेक करून पुसल्या. साखळीला तेल दिलं. आणि चाकाच्या मधोमध असलेली ती गोल, भोकाभोकांची स्टीलची चकती तिला मळकट वाटली म्हणून वाटीभर खोबरेल घेऊन तिने ती घासली. पुढची घासली, मग मागची. इतकी, की चकतीत तिला स्वतःचे दात दिसले.

आई म्हणाली होती, "अगंबाई! आरसाच केलास की."

अपघातानंतर आठवड्याने शाळेत घर्षणाचा धडा झाला. घर्षण (एका पृष्ठभागाने दुसऱ्याच्या सरकण्याला केलेला विरोध). बाईंनी फळ्यावर लिहिलं: तेल लावल्याने घर्षण कमी होते.

शलाकाने ते वहीत उतरवून घेतलं. त्या पानापुढे त्या वहीत काही लिहिलेलं नाही.

*

"खोबरेल," मिस्तरी म्हणाला. "दोन्ही चकत्यांना."

"हो."

"चकतीला तेल कधीही लावायचं नसतं. बोटसुद्धा लावायचं नसतं, बोटालाही तेल असतं. चकतीला आवळणारे पॅड ते तेल पिऊन टाकतात आणि मग नुसते घसरत राहतात. तुमची ही चूक होती, शलाकाबाई."

तिने मान खाली घातली.

"पण तुम्ही विचारलंत ते वेगळं आहे. त्याचं उत्तर सायकलीला विचारायला हवं. इकडे या. हा लिव्हर दाबा, हँडलवरची ही ब्रेकची पट्टी."

तिने दाबला. घट्ट.

"तुम्ही लिव्हर दाबता तेव्हा त्याच्या मुळाशी असलेला एक बारीक पिस्टन (नळीत पुढेमागे सरकणारा दट्ट्या) पुढे जातो. तो नळीतल्या ब्रेक ऑइलला ढकलतो. ब्रेक ऑइल नावाला तेल. ते खोबरेलासारखं लावायचं नसतं, ते नळीत कोंडलेलं असतं. ते तो दाब इथे खाली आणतं, कॅलिपरमध्ये (चकतीला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा). तिथले पिस्टन मोठे आहेत. ते पॅडना चकतीवर आवळतात. तुमच्या दोन बोटांचा जोर खाली येईपर्यंत कित्येक पट होतो."

"ऑइल ढकलतं? दांडीसारखं?"

"दांडीसारखंच. थांबा."

त्याने कपाटातून दोन सिरिंज काढल्या.

(हे तुलाही करता येईल. सुई नसलेल्या दोन सिरिंज घे, एक लहान, एक मोठी. मध्ये रबरी नळी. सगळीकडे पाणी भर, एकही बुडबुडा ठेवू नकोस. लहान सिरिंजचा दट्ट्या दाब. मोठीचा त्याच क्षणी वर येतो. त्यावर जाड पुस्तक ठेव, तेही उचललं जाईल. द्रव दाबून लहान होत नाही, म्हणून तो जोर पुढे पोचवतो. आता पाणी काढून टाक. सगळीकडे नुसती हवा. पुन्हा पुस्तक ठेव, पुन्हा दाब.

दट्ट्या आत जातो. पुस्तक हलत नाही. वायू दबतो. सगळा जोर त्याच्या दबण्यातच संपतो.)

"आता ऐका," मिस्तरी म्हणाला. "ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतो. पहिली तऱ्हा: चकतीला तेल लागलंय. तेव्हा लिव्हर कसा लागेल? घट्ट, कारण नळीत सगळं ठीक आहे. पॅड आवळले जातात, पण घसरतात. दुसरी तऱ्हा: नळीत वायू आहे. तेव्हा?"

शलाकाने हवेच्या सिरिंजकडे पाहिलं. "लिव्हर आत जाईल. मऊ. पार हँडलपर्यंत."

"बरोबर. आता हँडलची मूठ बघा. हात लावून बघा."

हँडलच्या काळ्या रबरी मुठीवर, जिथे लिव्हरचं टोक कधीच पोचायला नको, तिथे खळगे होते. नखाएवढे, चंद्रकोरीसारखे. तिने मोजले. उजवीकडे चार. डावीकडेही चार, एकात एक मिसळलेले.

"हे लिव्हरच्या टोकाचे आहेत," मिस्तरी हळू म्हणाला. "त्याने जीव खाऊन दाबला, लिव्हर मुठीला जाऊन टेकला. सोडला, पुन्हा दाबला. चारदा. चकतीला तेल असतं तर लिव्हर इथवर आलाच नसता."

शलाकाचं बोट त्या खळग्यातून निघेना.

*

"पण आज तर घट्ट लागतो! नळीत वायू असेल तर गेला कुठे?"

"हाच प्रश्न मी तेवीस दिवस सोडवत होतो," मिस्तरी म्हणाला. "डोंगरावरून सहाशे मीटर उतरताना सायकल, माणूस, औषधाची पेटी यांचा सगळा वेग ब्रेकला खावा लागतो. ब्रेक तो खातो म्हणजे काय करतो? त्याची उष्णता करतो. एका उतरणीत इतकी, की जवळजवळ दीड लिटर थंड पाणी उकळीला येईल. म्हणून या चकत्या निळ्या पडल्यात. तापलेलं स्टील असा रंग धरतं."

"म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं?"

"ताजं असतं तर उकळलं नसतं. ताज्याचा उत्कलनांक (द्रव उकळू लागतो ते तापमान) साधारण दोनशे चाळीस अंश. पण या जातीच्या ऑइलला एक खोड आहे. ते हवेतली ओल शोषून घेतं, रबरी नळीतूनसुद्धा, रोज अगदी थोडी. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या धुक्यात जरा जास्तच. दरवर्षी बदलावं लागतं. हे दोन वर्षांचं आहे."

त्याने कॅलिपरचा बारीक स्क्रू सैल केला, थेंबभर ऑइल एका छोट्या तापपात्रात घेतलं आणि पात्र तापवलं. दोघं आकड्याकडे बघत राहिले.

एकशे बावन्न अंशांना थेंबात बुडबुडा आला.

"वाफ," शलाका म्हणाली. "वाफ म्हणजे वायू. वायू दबतो."

"मागचा ब्रेक आधी गेला असेल. मग सगळा भार पुढच्यावर आला, मग तोही. आणि सायकल पडून राहिली, थंड झाली..."

"वाफेचा परत द्रव झाला." ती भराभर बोलत होती. "म्हणून लिव्हर परत घट्ट. म्हणून कोणाला काही सापडलं नाही. म्हणून..."

तिने वाक्य पूर्ण केलं नाही. कोडं सुटल्याचा आनंद तिला क्षणभर झाला होता, आणि तो झाला याची तिला लाज वाटली.

*

"मग खोबरेलाचं काय झालं?"

मिस्तरीचा पिवळट डोळा मिटला.

"दसऱ्याला सकाळी कपिल शेडकडे आला. केंद्राच्या अंगणातच ब्रेक दाबला, सायकल ओरडली आणि तशीच पुढे गेली, तुळशीच्या कट्ट्याला जाऊन धडकली. तो खाली बसून हसत होता. म्हणाला, 'म्हातारबा, आमच्या बाईसाहेबांनी डिस्कची चंपी केलीय!'"

शलाकाच्या तोंडातून हसू की हुंदका, काहीतरी बाहेर पडलं.

"मग त्याने चकत्या स्पिरिटने तीनदा धुतल्या, स्वच्छ कापडाने पुसल्या. तेल प्यालेले पॅड टाकून नवे बसवले. नवे पॅड चकतीवर मुरवावे लागतात. म्हणून वीस वेळा वेग घेतला, वीस वेळा हळू केला. शेवटी मला म्हणाला, 'तिला सांगू नकोस हं. केवढं मन लावून चकाकवलंय तिने.'"

"म्हणजे मी केलेलं त्याने पुसून टाकलं. माझ्यामुळे काही झालं नाही."

मिस्तरी गप्प बसला.

"मिस्तरी?"

गप्प.

"मी सांगितलंय, गप्प बसू नकोस!"

"या सगळ्याला एक तास लागला," मिस्तरी म्हणाला. "कपिल दसऱ्याला एक तास काढून आला होता, कारण मी त्याला बोलावलं होतं. ब्रेक ऑइल बदलायला. तो तास चकत्यांत गेला. तो म्हणाला, 'ऑइलचं पुढच्या आठवड्यात बघू.'"

*

शलाका शेडच्या मागे जाऊन बसली. मिस्तरी तिच्या मागे गेला. त्याला बसता येत नाही, म्हणून तो शेजारी उभा राहिला.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

"मी मोजू का?"

"काय?"

"दिवस. दसऱ्यापासून घाटापर्यंत एकोणीस होते. माझ्याकडे सगळे आहेत."

त्याने मोजायला सुरुवात केली.

"दसरा, तो दिवस चकत्यांत गेला. दुसऱ्या दिवशी कपिलने कंदील करायला कामट्या तासल्या, दीड तास. तिसऱ्या दिवशी तो दोनदा घाट उतरला आणि दुपारभर झोपला. चौथा दिवस, शेजारच्यांचा पंप. पाचव्या दिवशी शेडमध्ये येऊन त्याने माझ्या हातांना ग्रीस लावलं. स्वतःच्या सायकलीला नाही. सहा, सात, आठ: मित्राचं लग्न. नवव्या दिवशी त्याने मला सांगितलं, तुम्हाला एका चाकावर सायकल चालवायला शिकवणार. दहाव्या दिवशी शिकवलं. अकराव्या दिवशीही. बाराव्या दिवशी तुम्ही पडलात आणि तो तुमच्यावर चिडला. तेरा, औषधं. चौदा, औषधं. पंधराव्या दिवशी काहीच नाही, तो पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होता. सोळा. सतरा. अठराव्या दिवशी त्याने विचारलं, 'म्हातारबा, ऑइल राहिलंय ना रे?' मी म्हणालो, हो. एकोणिसाव्या दिवशी खालच्या वाडीत साप चावल्याचा निरोप आला."

"चारशेच्या वर तास होतात," मिस्तरी म्हणाला. "त्यातला एक तुमच्याकडून गेला. बाकीचे सगळे तुमचे नव्हते. काही त्याचे होते. काही माझे. मी त्याला श्रावणात सांगितलं, गणपतीत सांगितलं, दसऱ्याला सांगितलं. मग तो म्हणाला, 'गप रे म्हातारबा.' मी गप्प बसलो. मला गप्प बसता येतं, ते असं."

"तुला वाईट वाटतं?"

"माहीत नाही. पण तेव्हापासून मी प्रत्येकाला तीच गोष्ट दहादा सांगतो. सगळे वैतागलेत."

शलाका रडली. पुष्कळ रडली. मिस्तरीने चारही हात तिच्याभोवती धरले, न टेकवता, कारण त्यांना ब्रेक ऑइल लागलं होतं आणि ते कातडीला चांगलं नसतं.

*

ब्रेक ऑइल बदलायला दोन माणसं लागतात. एक खाली, एक वर.

आधी पॅड काढून बाजूला ठेवले, त्यांच्यावर थेंब उडायला नको. शलाकाने हातमोजे घातले. मिस्तरीने डबा तिच्यासमोर धरून जात वाचायला लावली, कारण एका जातीच्या ब्रेकमध्ये दुसऱ्या जातीचं ऑइल घातलं की आतली रबरं खराब होतात. मग खाली कॅलिपरला ताज्या ऑइलची सिरिंज, वर लिव्हरला रिकामी. शलाकाने खालून ढकललं, अगदी हळू. बुडबुडे हलके असतात, आपोआप वर जातात. म्हणून खालून वर.

वरच्या सिरिंजमध्ये जुनं ऑइल चढू लागलं. कोऱ्या चहासारखं दिसत होतं. त्याच्यामागून ताजं आलं, मधासारखं स्वच्छ.

"पुरे?"

"अजून. बुडबुडा आहे."

"कुठे? मला दिसत नाही."

"मलाही दिसत नाही. पण अजून ढकला."

जुनं ऑइल बाटलीत भरून ती केंद्रात गेली. औषधांच्या खिडकीमागे आई नेहमीप्रमाणे कामावर होती, गोळ्यांची पाकिटं लावत. एकावन्न दिवसांत आईने एकही सुट्टी घेतली नव्हती.

"हे काय? काढा कसला?"

"सात नंबरचं ब्रेक ऑइल."

आईचे हात थांबले.

शलाकाने सगळं सांगितलं. खोबरेल, मुठीवरचे खळगे, चंपी, तो तास, एकोणीस दिवस. आईच्याच ट्रेमधल्या दोन सिरिंज घेऊन दाब आणि वाफ दाखवली. आईने हातातली पाकिटं बाजूला ठेवली. मग म्हणाली, "ते मुठीवरच्या खुणांचं काय म्हणालीस? परत सांग."

"चार खळगे. चारदा दाबला त्याने."

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे."

"म्हणजे दोन्ही हात हँडलवर होते."

"हो. का?"

आईने टेबलाची कड धरली. "मी फोन केला होता त्याला. त्याच वेळी. सापाच्या औषधाची दुसरी बाटली पेटीत घातलीय का, एवढंच विचारायला. वाजत राहिला. मला वाटत होतं, तो फोन काढायला गेला आणि..."

"नाही आई. दोन्हीकडे चार-चार आहेत. चल, दाखवते."

दोघी शेडमध्ये आल्या. आईने त्या आठ खळग्यांवरून एकेक करून बोट फिरवलं. मिस्तरी कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं.

*

सकाळी दीपाताईने पेटी पाठीला लावली. मिस्तरीने तिला सगळं सांगितलं: ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, थोडा दाबायचा, सोडायचा, चकतीला वारा लागू द्यायचा, दोन्ही ब्रेक वापरायचे, लिव्हर मऊ वाटला की लगेच थांबायचं. मग परत सांगितलं.

"कळलं हो, मिस्तरी!"

त्याने परत सांगितलं.

आता घाटाचा नवा नियमही आहे. तिसऱ्या वळणावर उतरायचं आणि ब्रेक थंड होईपर्यंत थांबायचं, कितीही घाई असो. कॅलिपरवर तापमान मोजणारी टिकली चिकटवलीय. तिचा आकडा वर केंद्रातल्या पडद्यावर दिसतो.

शलाका आणि आई पडद्यासमोर बसल्या. आकडा चढत गेला. एकशे दहा. एकशे चाळीस. एकशे साठ. आईने डोळे मिटले.

"आई, घाबरू नकोस. ताजं ऑइल दोनशे चाळीसला उकळतं."

एकशे बहात्तरला आकडा थांबला. तिसरं वळण आलं होतं. फोनवर दीपाताईचा आवाज आला, धापा टाकत, "थांबले गं."

एकशे साठ. एकशे तीस. खालच्या वाडीत एक बाळ तापलं होतं, त्याचं औषध पेटीत होतं. एकशे दहा. नव्वद.

"सत्तर झाले," दीपाताई म्हणाली. "निघू का?"

शलाकाने आईकडे पाहिलं. आई पडद्याकडे बघत होती. उतरणाऱ्या आकड्याकडे, जसं तापातून उठणाऱ्या मुलाकडे बघतात तसं.

"लिव्हर दाबून बघ म्हणावं," आई म्हणाली.

"दाबला काकू. घट्ट आहे."

"मऊ नाही ना?"

"नाही."

"मग जा," आई म्हणाली. "बाळ वाट बघतंय."